किल्ली पहिल्या खटक्यावर

५ मार्च

प्रिय आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. आजारी आहे ती तुझी गाडी. तू मला देऊन टाकलीस तेव्हापासून ती माझी हे खरं, पण रुसली की मी तिला तुझीच म्हणते. हल्ली सकाळी किल्ली फिरवली की कधी नुसतं टकटक टकटक, कधी तेही नाही. समोरचे दिवे मिणमिणतात आणि विझतात. लॅबशेजारच्या छापखान्यातली माणसं दोन-तीनदा धक्का मारायला आली. तू शिकवलं होतंस तसा दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, गाडी खोकत-शिंकत सुरू झाली. पण आता मला लांबून बघितलं तरी ती माणसं एकदम कामात गढून जातात.

रात्री मी सगळं बंद करते. दिवे, रेडिओ, सगळं. तरी सकाळी बॅटरी उतरलेली. जन्मभर बॅटरीचं दुकान चालवत आलीस, आता भाचीच्या बॅटरीकडे बघ.

फोन केला असता, पण मागच्या वेळी मी "कशी आहेस?" विचारलं आणि तू "नाही, आज बुधवार" म्हणालीस. तेव्हा आपलं पत्रच बरं.

लॅबमध्ये सध्या कवळ्यांचा हंगाम आहे. दिवसभर परक्यांचे दात तासते. दुपारी डबा खाताना प्लास्टरच्या जबड्यांकडे पाठ करून बसते, कारण ते सगळे हसत असतात.

उत्तर लॅबच्या पत्त्यावर पाठव. घरच्या पत्रपेटीचं दार मोडलंय, पत्रं भिजतात.

तुझी,
ठमी

१२ मार्च

चि. ठमे,

तुझं पत्र आलं आणि माझा दिवस कारणी लागला. तसा वेळ कुठे असतो म्हणा, दुकानात गिऱ्हाइकांची रीघ. एक बॅटरी उतरवावी तर दुसरी चढवायला हजर. पण भाचीचं काम आधी.

तुझे आतोबा म्हणायचे, बॅटरी सतत उतरते म्हणजे एक तर ती म्हातारी झालीय, नाहीतर तिला पोटभर चार्ज मिळत नाही, नाहीतर कोणीतरी गुपचूप तिचं पितंय. यातलं काय ते शोधायचं. घाई करून नवी बॅटरी घेणारा माणूस म्हणजे ताप आला म्हणून डोकं बदलणारा.

आधी सोपं बघ. बॉनेट उघड. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी जमली असेल. इंजीन बंद ठेवून काळ्या वायरीचं टर्मिनल आधी सोड, मग लाल. गरम पाणी ओत, जुन्या ब्रशनं घास, कोरडं कर. लावताना लाल आधी, काळं शेवटी, आणि इतकं घट्ट की हातानं हलता कामा नये. वरून थोडी व्हॅसलिन. मग डिकीतला दिवा बघ. डिकी लावली तरी तो आत जळत राहतो, बाहेरून कळत नाही.

जावईबापूंना सांग, सकाळी बायकोच्या गाडीला धक्का मारणं हेही संसारातच येतं. बरे आहेत ना? त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिली नाहीस.

आत्या

२ एप्रिल

प्रिय आत्या,

बुरशी होती, खवल्यांसारखी. लॅबमधल्याच एका ब्रशनं घासली. तो ब्रश कुणाच्या कवळीसाठी होता ते विचारू नकोस. त्यानंतर आठवडाभर गाडी गुणी मुलीसारखी वागली. मला वाटलं, सुटले. मग एका सकाळी पुन्हा टकटक.

डिकीतला दिवा निर्दोष आहे. मागची सीट आडवी करून आतून बघितलं, डिकी लावली की विझतो.

आणखी दोन बारीकसारीक गोष्टी. चार्जरच्या सॉकेटचा फ्यूज उडाला होता, तो मी बदलला. आणि ड्रायव्हरची सीट मागे पाडायचा खटका ढिला झालाय, सीट मधेच धाडकन उठते. तो घरच्या घरी बसवता येईल का? शिवाय सकाळी काचा आतून धुरकटलेल्या असतात. पुसून पुसून हात दुखतात. त्यावर काही उपाय?

तो बरा आहे. फिरतीची कामं वाढलीत, घरी कमीच असतो.

तुझी,
ठमी

९ एप्रिल

चि. ठमे,

आता मला यात रस वाटायला लागलाय. काल दोन गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून मी तुझ्या गाडीचाच विचार करत होते.

मीटर असलेला चांगला मेकॅनिक गाठ. त्याला दोन आकडे विचार. इंजीन चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट येतात? चौदाच्या आसपास आले तर अल्टरनेटर ठीक, बारावरच अडकले तर पोटभर चार्ज मिळत नाहीये. दुसरं, गाडी बंद, दारं बंद, किल्ली बाहेर, असं थोडा वेळ ठेवून मग लीकेज मोजायला सांग. घड्याळ, अलार्म असल्या गोष्टी थेंबभर पितातच, त्याचं काही नाही. पण घोट घोट जात असेल तर एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला काटा खाली येईल, चोर त्याच वायरीवर. आणि बॅटरी फारच म्हातारी निघाली तर मात्र बदल, त्याला इलाज नाही.

काचांचं मला कळत नाही. पायाखालचं मॅट ओलं आहे का? हीटरची नळी गळत असेल तर आत गोडसर वास येतो आणि काचांवर चिकट थर बसतो. बोट फिरवून बघ.

सीटच्या खटक्याची स्प्रिंग सुटली असेल, पकडीनं ओढून हुकात अडकव. पण तुला सीट इतकी मागे पाडायला कशाला लागते? तुझे पाय काही एवढे लांब नाहीत.

आत्या

६ मे

प्रिय आत्या,

मेकॅनिकनं बॉनेटमध्ये अर्धा दिवस डोकं घातलं. इंजीन चालू असताना चौदाच्या वर. लीकेज थेंबभर, तू म्हणालीस तेवढंच. तरी "बॅटरी तशी दमलीच आहे" म्हणाला, म्हणून नवी बसवून घेतली. जीव भांड्यात पडला. आणि काल सकाळी, आत्या, नवी कोरी बॅटरीसुद्धा उतरली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले आणि हॉर्न वाजला. म्हणजे हॉर्नपुरता जीव होता तिच्यात.

मॅट कोरडं आहे. गोड वास नाही. काचेवर चिकट काही नाही, साधं पाणी. बोट फिरवलं की ओघळतं.

मेकॅनिक म्हणतो, गाडीत काहीच दोष नाही. मग माझंच काहीतरी चुकतंय का?

उन्हाळा फार आहे. झोप नीट होत नाही. काल एक जबडा उलटा बसवला, खालचा वर. डॉक्टरांनी परत पाठवला.

तुझी,
ठमी

१२ मे

ठमे,

हे पत्र मी तीन वेळा फाडून लिहितेय, तेव्हा सरळच लिहिते.

तुझ्या गाडीत कुठंही पाणी मुरत नाहीये. अल्टरनेटर चांगला, बॅटरी नवी, लीकेज नाही. अशी गाडी स्वतःहून उतरत नाही. आत बसून कोणीतरी वापरल्याशिवाय उतरत नाही.

मी तुझी सगळी पत्रं पुढ्यात घेऊन बसलेय. काच आतून ओली होते आणि ते साधं पाणी असतं. म्हणजे काचा लावून आत कोणीतरी बराच वेळ श्वास घेतंय. सीट पाडायचा खटका रोज वापरल्याशिवाय ढिला होत नाही. सॉकेटवर मोठं काहीतरी लावल्याशिवाय त्याचा फ्यूज उडत नाही. सकाळी गाडी बंद पडते तेव्हा धक्का मारायला छापखान्यातली माणसं येतात, घराजवळची नाही. आणि पत्र लॅबच्या पत्त्यावर.

बाळा, तू गाडीत झोपतेस का?

हो असेल तर हो लिही. नाही असेल तर मला चार शिव्या घाल, म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हण. पण लिही.

आत्या

९ जून

आत्या,

तुझं पत्र महिनाभर पर्समध्ये घेऊन फिरले. शिव्या घालायलाच बसले होते. एक पत्र लिहिलंसुद्धा, त्यात 'तुला काय वाटतं, मी रस्त्यावर पडलेय?' असं लिहिलं, आणि मग ते वाक्य बघत बसले.

हो.

फेब्रुवारीपासून. त्याआधी कितीतरी महिने तो आणि मी एकाच घरात एकमेकांना ओलांडून चालत होतो. भांडण असं नाहीच. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. एका रविवारी मी कपड्यांना इस्त्री करत होते. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तू काही दिवस दुसरीकडे राहशील का?"

मी म्हटलं, "कुठे?"

"ते तू बघ."

मी त्याचा शर्ट इस्त्री करून हँगरला लावला, माझी बॅग भरली आणि निघाले. शर्ट का पूर्ण केला, देव जाणे. मला वाटलं, दोन दिवसांत फोन करेल. दोन दिवसांसाठी कुणाचं दार कशाला वाजवायचं, म्हणून गाडी लॅबच्या मागे लावली. लॅबमध्ये सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन आंघोळ उरकते. सगळे म्हणतात, ही किती कष्टाळू.

मग खोली शोधायला गेले. जिथे जाते तिथे पहिला प्रश्न, यजमान काय करतात? एकट्याच का? घरचं कोण आहे? त्यावर काय सांगायचं ते मला ठरवता येईना. एकदा 'आम्ही वेगळे झालो' असं तोंडानं म्हटलं की ते होऊनच जाणार. म्हणून 'नंतर येते' सांगून परत फिरायचे.

आणि बॅटरी. तूच दिलेली गाडी, तुला माहीतच आहे, किल्ली पहिल्या खटक्यावर फिरवली तरच सॉकेटला वीज येते. मी ती रात्रभर तशी ठेवत होते. उकाड्यानं जीव घाबरा होतो म्हणून ब्लोअर, आणि फोन चार्जरला. माझा फोनही जुना झालाय, चार्जरवरून काढला की तासाभरात मान टाकतो. बंद पडला आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन आला तर? मधे पंखा लावला, त्यानं फ्यूज उडाला. मला खरंच वाटायचं, एवढ्याशा फोनानं काय होणार. नाही, खोटं. मला माहीत होतं. मला वाटायचं, तू काहीतरी वायर-बियर सांगशील, मी ती जोडीन, आणि किल्ली पहिल्या खटक्यावर ठेवूनही गाडी सकाळी सुरू होईल.

फोन आला नाही. एकदाही नाही.

आई-बाबा गेल्यापासून तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि तुलाच मी सांगितलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून नाही. तू "ये" म्हणशील, आणि मग यावं लागेल, म्हणून.

ठमी

१४ जून

ठमे,

ये.

शनिवारी लॅब सुटली की निघ. फोन बंद करून बॅगेत टाक. तो एक दिवस बंद राहिला म्हणून काही अडत नाही, गाडी बंद पडली तर तू इथे कशी पोहोचणार? किल्ली पूर्ण फिरव, मधल्या खटक्यावर थांबूच नकोस. धक्का लागला तर छापखान्यातल्या माणसांना माझं नाव सांग, म्हणावं, शेवटचा. रस्ता लांबचा आहे, चालता चालता बॅटरी आपोआप भरेल.

मी जागीच आहे. दार वाजवू नकोस, मला ऐकू येणार नाही. मी बाहेरच बसते.

आत्या

२१ जुलै

प्रिय आत्या,

पत्ता बदललाय, बघितलास ना? तुझी बस सुटली त्याला आता बरेच दिवस झाले. रोज लिहीन म्हणत होते. खरं म्हणजे तुझ्यावर रागावले होते, आणि राग ओसरेपर्यंत थांबले.

सगळं आधी नीट लिहून काढते. मी पोहोचले तर तू फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेली. मी विचारलं, "केव्हापासून बसलीयेस?" तर म्हणालीस, "हे काय, आत्ताच." खुर्चीखाली तीन रिकामे कप होते. आणि तुझ्या पाठीमागे दुकान. शटरची खालची पट्टी गंजून जमिनीला चिकटलेली, कुलपात कोळ्यानं घर केलेलं. गिऱ्हाइकांची रीघ म्हणे! आत्या, ते शटर वर्षभर तरी कुणी उचललेलं नाही. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण मीच कुठल्या तोंडानं बोलणार होते?

तू मला एक शब्द विचारला नाहीस. किल्ली मागितलीस, गाडीत जाऊन बसलीस, खटका ओढून सीट मागे पाडलीस आणि तिथेच आडवी झालीस. मी बाहेरून बघत होते. तू छताकडे बघत होतीस. मला वाटलं, खटका तपासतेयस. किती तरी वेळानं उठलीस, पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "पाठीखाली दांडा टोचतो." मी म्हटलं, "सवय होते." तू ऐकलं नाहीस, किंवा ऐकलंस.

मग तू माझ्याबरोबर इकडे आलीस, आणि ती खोली. त्या घरमालकीण बाईंचा चेहरा मला आठवतो तेव्हा आजही हसू येतं. निवृत्त नर्स, समोरच्या माणसाची नाडी बघितल्यासारखं बोलणार. त्यांनी विचारलं, "यजमान काय करतात हिचे?"

तू जोरात म्हणालीस, "पहिल्या किल्लीला! आता काही तक्रार नाही."

"गाडी नव्हे हो. यजमान, यजमान!"

"ते नाहीत," तू म्हणालीस.

"अरेरे. वारले?"

"नाही. गेले."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी जमिनीकडे. त्यांनी विचारलं, "मग हिचं घरचं कोण आहे?"

हे मात्र तुला ओठांवरून कळलं. तू छातीवर हात ठेवून म्हणालीस, "मी." एवढंच. त्यांनी किल्ली काढून दिली.

ज्या प्रश्नाला घाबरून मी चार महिने गाडीत झोपले, त्याचं उत्तर एका अक्षराचं होतं.

खोली बरी आहे. खिडकी पूर्वेकडे. पहिल्या रात्री सरळ झोपताच येईना, गुडघे आपोआप वर यायचे. आता पाय लांब होतात. पण संध्याकाळ मोठी असते. कप खाली ठेवला तरी आवाज घुमतो. लॅबमध्ये एका मैत्रिणीला खरं सांगितलं. तिनं माझ्या डब्यात तिच्यातलं निम्मं वाढलं. ते बरं वाटलं.

त्याचा फोन आलेला नाही. आधी दर तासाला बघायचे, आता दिवसातून एकदा बघते. अजिबात बघत नाही असं लिहिणार होते, पण आता खोटं कशाला?

आता तुझी पाळी. दुकान केव्हा बंद केलंस? का केलंस? आणि दिवसभर काय करतेस? या खोलीत दुसरी खाट मावते, मी मोजून बघितलंय.

तुझी,
ठमी

२८ जुलै

चि. ठमे,

रागावलीस ते चांगलं केलंस. माझ्यावर रागावणारं कुणी उरलं नव्हतं.

दुकान मागच्या वर्षी बंद केलं. माझ्या मागे एक माणूस गाडी रिव्हर्स घेत होता, हॉर्न वाजवत होता, ओरडत होता, आणि मी बॅटरी उचलून तिथेच उभी. अगदी थोडक्यात वाचले. दुसऱ्या दिवशी शटर ओढलं ते ओढलं. तुला कळवलं नाही, कारण तू धावत आली असतीस. मला वाटायचं, तुझा नवा संसार, सुखात असशील, त्यात ही बहिरी कशाला? बघ, दोघी किती शहाण्या.

दिवसभर काय करते? खरं सांगू? सकाळी उठून तयार होते, दुकानात जाताना व्हायची तशी, मग खिडकीत बसते. गाड्या बघते. आवाज येत नाही, पण बॉनेट कसं थरथरतं त्यावरून कुठला प्लग मिस करतोय ते अजून कळतं. सांगायला कुणी नसतं, म्हणून मनातच सांगते. दुपारी पेपर. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी टर्मिनल घासायचं एवढं सविस्तर का लिहिलं असेल? ते कुठल्याही पोराला माहीत असतं. कोणीतरी मला काहीतरी विचारलं होतं, ठमे. तुझी बॅटरी बरी होऊ नये असं माझ्या मनात एकदा येऊन गेलं. मग तुझ्या काचांचं ध्यानात आलं आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

खाटेचं वाचलं. लगेच हो म्हणवत नाही. इथल्या खोलीत आतोबांची हत्यारं आहेत, आणि मी आहे हे ओळखणारे दोन-चार रस्ते आहेत. तिकडे रस्ता ओलांडायलाही तुझा हात लागेल. पण नाही असंही लिहीत नाहीये. थंडीत येते, महिनाभर. मग बघू.

तोवर गाडी बिघडायची वाट बघू नकोस. काही बिघडलं नसलं तरी लिही. डब्यात काय होतं ते लिही. जबडा सरळ बसला की उलटा ते लिही.

काल दिवसभरात माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही, हे मला रात्री दिवा मालवताना लक्षात आलं. म्हणून आज हे पत्र लिहिता लिहिता मोठ्यानं वाचतेय. बाहेरचे आवाज मला येत नाहीत, पण स्वतःचा आवाज आतून येतो, छातीतून, हाडांतून. बराच घोगरा झालाय. 'चि. ठमे' म्हणून सुरुवात केली तेव्हा तो मधेच अडकला. मी घसा साफ केला आणि पुन्हा म्हटलं.

तुझी,
आत्या